मामाजी, डोळ्यांची तारीख चुकवू नका

नागपूर

ती. स्व. मामाजी,

मामीजींचा फोन आला होता. नागपूरला डोळे दाखवायची तारीख जवळ आली, पण तुम्ही निघायचं नाव काढत नाही म्हणाल्या. ‘लेझर करून काय मिळालं? अक्षर होतं तेवढंच दिसतं, आणि दिवेलागणीनंतर तर अंगणसुद्धा नीट दिसत नाही. मशीननं डोळा जाळून टाकला,’ असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता म्हणे. ते ऐकून धाकट्या मामाजींनी डोळे दाखवायलाच नकार दिला आहे. त्यांना कित्येक वर्षांची शुगर आहे आणि त्यांच्या डोळ्याचा पडदा आजवर एकदाही कुणी पाहिलेला नाही.

भरवेलीत तुमच्या शब्दाला वजन आहे. मँगनीजच्या खाणीत उभी हयात काढलेला, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा माणूस काही बोलला, की लोक ते धरून चालतात. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे आणि उघडपणे लिहिते आहे. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूरकडून लेझर करून गेलेल्या आणि पुन्हा न आलेल्या सगळ्यांनाच मला हे सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही. इथल्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब टाकणं, तक्ता वाचून घेणं, पडद्याचे फोटो काढणं एवढंच माझं काम. पण ज्या खुर्चीत तुम्ही बसलात, त्याच खुर्चीत तारीख चुकवलेली माणसंही येऊन बसतात. त्यांचे फोटो मीच काढते, आणि म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी तुमच्या डोळ्यात काय झालं ते नीट सांगते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही झिरपू लागतात, काही बंद पडतात. बंद पडलेल्या भागाला प्राणवायू मिळेनासा झाला की तिथल्या उपाशी पेशी एक रसायन सोडतात. डॉक्टर त्याला व्हीईजीएफ म्हणतात. त्याच्या जोरावर पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात. ऐकायला हे बरं वाटतं, पण या वाहिन्या कच्च्या असतात. त्या डोळ्यातल्या जेलीत शिरतात आणि कधीही फुटतात, अगदी झोपेतसुद्धा. त्यांच्यासोबत वाढलेले पापुद्रे आकसले, की पडदा ओढला जाऊन जागेवरून सुटतो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत अशा वाहिन्या उगवल्या होत्या. तुम्हाला मात्र काहीही जाणवत नव्हतं. चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून तुम्ही आला होता.

वैनगंगेकाठी धान पिकवणाऱ्या घराला लेझर समजायला अवघड नाही. पावसानं दडी मारली आणि तळ्यातलं पाणी पुरणार नाही असं दिसलं, की आजोबा कडेच्या बांध्या सोडून द्यायचे आणि होतं तेवढं पाणी मधल्या चांगल्या बांध्यांना द्यायचे. सगळ्याच जगवायला गेलो तर एकही हाती लागणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी तुमच्या पडद्यावर तेच केलं. कडेचा उपाशी भाग ठिपक्याठिपक्यानं शांत केला. तिथली प्राणवायूची मागणी घटली, ते रसायन सुटणं कमी झालं, आणि पुढच्या काही आठवड्यांत नव्या वाहिन्या सुकत गेल्या. ज्या मधल्या भागानं तुम्ही वाचता आणि नातवाचा चेहरा ओळखता, तो वाचावा म्हणून कडेचा भाग खर्ची घातला.

त्या दिवशी मी तुमच्या शेजारी उभी होते. हनुवटी टेकूवर, कपाळ वरच्या पट्ट्याला घट्ट टेकवलेलं. थेंबांनी बधिर केलेल्या डोळ्यावर जेल लावून जाड भिंग बसवलेलं. डॉक्टरांनी पायाखालचं बटण दाबलं की हिरवा लख्ख झोत, आणि तुमची बोटं टेबलाच्या दांड्यावर आवळलेली. कडेला काही ठिपके पडताना तुमच्या तोंडून ‘स्स’ निघालं. डॉक्टर थांबले, ताकद थोडी कमी केली आणि पुन्हा सुरू केलं. जुन्या ठरलेल्या पद्धतीत एका डोळ्याला साधारण बाराशे ते सोळाशे ठिपके देतात, प्रत्येक ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणूनच हे काम एका बैठकीत न उरकता दोन-तीन बैठकांत करतात.

या उपायामागे मोठा अनुभव आहे. ९ जुलै १९४५ ला सूर्यग्रहण झालं. ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडदा भाजलेला रुग्ण जर्मनीतले डोळ्यांचे डॉक्टर गेर्हार्ड मायर-श्विकेराथ यांनी तपासला. उजेडानं पडद्यावर अपघातानं असा डाग पडत असेल, तर तो जाणूनबुजून, हवा तिथे पाडून डोळा वाचवता येईल का, असा विचार त्यांनी केला. सुरुवातीला त्यांनी सूर्यप्रकाशच आरशांनी वळवून डोळ्यात सोडला, पुढे झेनॉनचा दिवा वापरला. १९६० साली लेझरचा शोध लागल्यावर हे काम अचूक झालं. मग अमेरिकेत सतराशेहून जास्त मधुमेही रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझरचा किंवा झेनॉनच्या दिव्याचा उपचार दिला आणि दुसरा डोळा नुसता पाहत राहिले. १९७६ साली निकाल हाती आले तेव्हा उपचार दिलेल्या डोळ्यांत दृष्टी पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी पूर्ण व्हायची वाट न पाहता उरलेल्या धोक्यातल्या डोळ्यांनाही उपचार देऊ केले. मामाजी, त्या चाचणीची मुख्य कसोटी दृष्टी वाढली का, ही नव्हती. दृष्टी राहिली का, ही होती. तुमचं लेझरही त्याच कसोटीवर तोला. आज तक्त्यावरची तीच ओळ तुम्ही वाचता, याचा अर्थ लेझरनं आपलं काम केलं.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. ती खरी आहे आणि मला ती झटकून टाकायची नाही. अंधुक उजेडात पाहायचं काम पडद्याच्या कडेच्या पेशी करतात, आणि लेझर पडलं ते तिथेच. त्यामुळे संध्याकाळी कमी दिसणं, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागणं, बाजूनं आलेला माणूस किंवा सायकल चटकन लक्षात न येणं, हे होतं. कुणाला थोडं, कुणाला बरंच. पहिल्या काही आठवड्यांत जो धूसरपणा असतो तो बहुधा निवळतो, पण रात्रीचं पाहणं पूर्वीसारखं होईलच असं नाही. एवढी किंमत मोजावी लागली, हे मान्य. न केलं असतं तर काय झालं असतं, ते मी रोज पाहते.

तुम्ही खाणीत उतरत होता तेव्हा डोक्यावर दिवा लावल्याशिवाय कुणी एक पाऊल टाकत नव्हतं, आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नव्हता. आता घरातही तसंच करा. उशाशी टॉर्च ठेवा. अंगणात आणि न्हाणीच्या वाटेवर रात्रभर जळणारा दिवा लावा. पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या पेंटचा पट्टा ओढून घ्या. खाट, बादली, सायकल रोज ठरलेल्या जागीच राहू द्या. दिवस मावळल्यावर मोटारसायकल काढू नका. दिवसाही चालवायची की नाही, हे बाजूचं किती दिसतं याची तपासणी झाल्यावरच ठरवा. उन्हातून घरात आल्यावर दारात घटकाभर थांबा, डोळ्यांना वेळ द्या, मग आत जा.

तुम्ही विचाराल, जाळण्यापेक्षा इंजेक्शन का दिलं नाही? प्रश्न रास्त आहे. त्या उपद्रवी रसायनाला रोखणारी औषधं डोळ्यात सुईनं देता येतात. अशा नव्या वाहिन्यांवर ती लेझरच्या तोडीस तोड ठरतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं. शिवाय त्यात कडेची नजर कमी जाते. पण या औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो. इंजेक्शन पुन्हापुन्हा घ्यावं लागतं आणि नेमानं यावं लागतं. २०१९ साली फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी उपचार मध्येच सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ गायब झालेल्या रुग्णांचे डोळे तपासले. नुसत्या इंजेक्शनवर असलेल्यांचे डोळे लेझर झालेल्यांपेक्षा जास्त बिघडलेले होते, पडदा सुटण्याचे प्रकारही त्यांच्यातच अधिक. लेझर एकदा पडलं की त्याचा असर टिकतो. रोवणी आली, घरात लग्न निघालं, गाडी चुकली, तरी तो डोळ्यात काम करत राहतो. तुम्ही कुठून येता, वर्षात कितीदा येऊ शकाल, हे डॉक्टरांनी तुम्हाला आधी विचारलं होतं ते याचसाठी.

पण टिकाऊ म्हणजे कायमचा निकाल लागला असं समजू नका. आजार तुमच्या रक्तात आहे, आणि लेझर पडलं ते पडद्यावर. ज्या कारणानं पहिल्या वाहिन्या बंद पडल्या, ते कारण राहिलं तर आणखी वाहिन्या बंद पडतील आणि नव्या जागी पुन्हा कच्च्या वाहिन्या उगवतील. कधी वाहिन्या सुकत असतानाही मागचे पापुद्रे ओढले जाऊन रक्त सुटतं. कधी मधल्या भागात पाणी भरून सूज येते, ती नुसत्या डोळ्यांनी कळत नाही; ओसीटी नावाच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये दिसते आणि तिला बहुतेक वेळा इंजेक्शनंच लागतात. हे सगळं वेळेत सापडलं तर त्यावर उपाय आहे. सापडतं मात्र फक्त पडदा तपासल्यावर.

या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच: दिसण्यावरून डोळ्याची परीक्षा करू नका. ‘दिसतंय ना, मग कशाला जायचं?’ म्हणून काहीजण येत नाहीत. ‘आता दिसतच नाही, जाऊन काय करायचं?’ म्हणून काहीजण येत नाहीत. दोघांचंही नुकसान होतं. तुमच्या दोन्ही डोळ्यांत वाहिन्या उगवल्या होत्या तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता, हे विसरू नका. पडदा ठीक आहे की नाही, हे पडद्याचा फोटो सांगतो. तक्त्यावरची ओळ ते उशिरा सांगते.

डॉक्टरांनी दिलेली तारीख पडद्याच्या अवस्थेवरून ठरलेली असते. लेझरनंतर सुरुवातीला काही आठवड्यांनी, मग दर दोन-तीन महिन्यांनी, सगळं शांत राहिलं तर चार-सहा महिन्यांनी, असा साधारण क्रम असतो. कधी सूज असली तर दर महिन्याला. ती तारीख तुमच्या फाइलवर लिहिलेली आहे, आणि ती शेजाऱ्याच्या तारखेवरून ठरवायची नसते.

मधल्या काळात घरी एक काम करा. नातवाची गणिताची चौकटीची वही घ्या, एका पानाच्या मधोमध पेनानं ठळक ठिपका काढा आणि ते पान भिंतीवर चिकटवा. आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघा. मग दुसरा डोळा झाकून बघा. रेषा वाकड्या झाल्या, मध्ये धूसर डाग आला किंवा काही चौकटी पुसल्यासारख्या वाटल्या, तर तारखेची वाट न बघता फोन करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो आणि दुखणं लपतं. म्हणून एकेक डोळा झाकणं महत्त्वाचं.

आणखी काही खुणा अशा, की त्या दिसल्यावर ‘बघू दोन दिवस’ म्हणायचंच नाही. डोळ्यापुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस. काळे किंवा लालसर धागे तरंगणं. धूर पसरल्यासारखं सगळं अंधुक होणं. कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली सरकणं. विजेसारख्या चमका. डोळा लाल होऊन ठणकणं, दिव्याभोवती कडी दिसणं, मळमळ. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचा. आतमध्ये रक्त उतरलं असेल तर डोकं उंच ठेवून, दोन-तीन उशा घेऊन पडा, म्हणजे रक्त खाली बसतं. धानाचं पोतं उचलू नका, जोर लावू नका, शीर्षासनासारखं डोकं खाली जाणारं काही करू नका. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. साचलेलं रक्त कधी आपोआप जिरतं, कधी व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातली जेली काढायचं ऑपरेशन, करून काढावं लागतं. डोळ्यात मध, एरंडेल किंवा कुणी दिलेला काढा टाकू नका. आजार डोळ्याच्या मागच्या बाजूला आहे. वरून टाकलेलं तिथवर पोचत नाही, पुढच्या बाजूला मात्र जखम करतं.

बाकीचं तुमच्या आणि मामीजींच्या हातात आहे. सगळ्यात आधी ब्लड प्रेशर, कारण त्याकडेच तुमचं लक्ष कमी असतं. ब्रिटनमध्ये टाइप टू मधुमेहाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. ज्यांचं प्रेशर नीट आवरलं होतं, त्यांच्या पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं होतं. तुमच्या वयात १३०/८० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो, नेमका आकडा डॉक्टर सांगतील. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा प्रेशर आणि शुगर तपासून वहीत लिहून ठेवा. बरं वाटतंय म्हणून प्रेशरची गोळी सोडायची नाही. ती चालू आहे म्हणूनच बरं वाटतंय.

साखर उतरवायची, पण घाईनं नाही. फार चढलेली साखर एकाएकी खाली आणली तर काही जणांचा पडद्याचा आजार सुरुवातीला काही महिने वाढतो. १९९३ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हे दिसलं, आणि त्याच अभ्यासात पुढे जाऊन साखर आवरल्याचा फायदा किती मोठा असतो हेही दिसलं. म्हणून गोळी किंवा इन्सुलिन बदललं, की डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं. शुगरच्या डॉक्टरांनाही ‘माझं लेझर झालंय’ असं आधी सांगायचं, कारण काही औषधांनी मधल्या भागातली सूज वाढू शकते.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी सगळे करतात. पण आपल्या पट्ट्यात सिकलसेल आहे. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ ला शहडोलहून देशभराची सिकलसेल मोहीम सुरू केली, ती याच दुखण्यापायी. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटाच कमी येतो. नुसता वाहक असला तरी काही यंत्रांवर तो चुकतो. आपल्या घरात ज्यांच्याकडे सिकलसेलचं कार्ड आहे त्यांनी ते शुगरच्या डॉक्टरांना दाखवावं. मग ते घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींवर किंवा दुसऱ्या तपासणीवर भर देतील. सिकलसेल स्वतःही पडद्यावर परिणाम करतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही ते कळलं पाहिजे.

जेवणाबद्दल तुम्हाला उपदेश करायला जीभ रेटत नाही. ज्या घरात चिन्नोर तांदूळ शिजला की वास चौकापर्यंत जातो, त्या घराला भात सोडा असं कसं म्हणू? सोडू नका, माप ठरवा. ताटात आधी भाजी, वरण, कोशिंबीर वाढून घ्या, भात शेवटी आणि एकाच वाटीचा. बैहरकडची कोदो-कुटकी चांगलीच, पण तीही धान्यच आहे. साखरेला चालते म्हणून पोट फुगेस्तोवर खाल्ली तर आकडा चढणारच. आणि खर्रा. मामाजी, इथे मी अडून बसणार. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, प्रेशर चढवते. तुमच्या बारीक वाहिन्या आधीच अर्ध्या बंद आहेत. उरलेल्यांवर हा जुलूम नको. एकदम सुटत नसेल तर जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडायला मदत मिळते का ते विचारा, लाजू नका.

वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. ज्या बारीक वाहिन्या डोळ्यात, तशाच मूत्रपिंडात. एकीकडे बिघाड असला तर दुसरीकडे बघावंच लागतं. हिमोग्लोबिनही बघा, रक्त कमी असलं तर पडद्याची उपासमार वाढते.

एक धोका तुमच्यासमोर लवकरच येईल. उजव्या डोळ्यात मोतिया पिकायला लागला आहे. गावात शिबिर लागलं, गाडी न्यायला आली, की सगळ्यांबरोबर तुम्हीही बसाल. मोतियाचं ऑपरेशन चांगलं आणि गरजेचंही. पण पडद्याचा आजार जागा असताना ते केलं, तर मधली सूज वाढू शकते. म्हणून शिबिरात पहिल्यांदा एवढंच म्हणा: ‘माझं शुगरचं लेझर झालं आहे, आधी पडदा बघा.’ फाइल सोबत न्या. तिच्यात फोटो आहेत, ओसीटीचे कागद आहेत. त्या कागदांशी तुलना करूनच नवा डॉक्टर ठरवू शकतो की काही बदललं आहे का.

नागपूर लांब पडतं हे मला कळतं. एकेकाळी बालाघाटचा कारभारच नागपुरातून चालत होता. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं बदलली, राजधानी भोपाळला गेली, पण दुखण्याखुपण्याला आपली माणसं आजही नागपूरचीच वाट धरतात. छोट्या लाईनच्या दिवसांत गोंदियाला पोचायलाच किती वेळ जायचा, ते तुम्ही सांगत असता. आता मोठी लाईन झाली आहे. बालाघाटहून गोंदिया, तिथून मुंबई-हावडा मार्गावरची गाडी. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत, डोळ्यांचे खास दवाखानेही आहेत. तुम्ही सत्तरी ओलांडली आहे. सत्तरीवरच्या सगळ्यांना आता मिळकत न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, आणि ते दुसऱ्या राज्यातही चालतं. आपल्या दवाखान्यात, आपल्या उपचाराला ते लागू आहे का, हे १४५५५ या नंबरवर आधी विचारून घ्यायचं. ते काम मी करते.

आणि आता धाकटे मामाजी. त्यांना मी वेगळं पत्र लिहिणार नाही, कारण माझ्या पत्रापेक्षा तुमच्या एका वाक्याचं वजन जास्त आहे. देशात मधुमेह असलेले दहा कोटींवर लोक आहेत, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत दिसलं. त्यांतल्या टाइप टू मधुमेहाच्या प्रत्येकाचा पडदा शुगर कळली त्याच दिवसापासून वर्षातून एकदा बघायला हवा. त्यांचा आजार अजून सुरुवातीला असेल, तर कदाचित लेझर लागणारच नाही. प्रेशर आणि साखर आवरून भागेल. फेनोफायब्रेट नावाची चरबीवरची एक जुनी गोळी आहे. स्कॉटलंडमधल्या २०२४ च्या चाचणीत तिनं सुरुवातीच्या पडद्याच्या आजाराची वाढ सुमारे चतुर्थांशानं कमी केलेली दिसली. ती त्यांना चालेल का, मूत्रपिंड बघून डॉक्टरच सांगतील. पण हे सगळे मार्ग ते खुर्चीत येऊन बसले तरच खुले आहेत. तुमच्या वेळी ही संधी निघून गेली होती, त्यांची अजून हातात आहे. त्यांना सांगा, ‘मला उशीर झाला म्हणून लेझर लागलं, आणि लेझर झालं म्हणून मी आज तुझा चेहरा बघतोय.’ हे तुम्ही सांगितलंत तर भरवेलीतल्या आणखी दहा घरांत तपासणी होईल.

तर तारखेला दोघंही या. पोराला सोबत आणा, कारण थेंब टाकल्यावर काही तास सगळं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. एकट्यानं परत जाता येणार नाही. उन्हाचा काळा चष्मा, जुनी फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, शुगर-प्रेशरची वही आणि आयुष्मान कार्ड एका पिशवीत घाला. दोघांचे केसपेपर मी सकाळीच काढून ठेवते. मुक्काम माझ्याच घरी, हे सांगायला नको. मामीजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आणि मामाजी, डोळे दाखवायचे म्हणून उपाशी निघू नका. रांगेत दुपार होते आणि साखर खाली जाते. सकाळची गोळी घ्या, नाश्ता करा, मगच गाडीत बसा.

तुमची भाची